गूळ एक, साली तीन, पाणी दहा

बंगळूरला कुणी बागांचं शहर म्हणतं, कुणी संगणकांचं. सिल्क बोर्डाच्या चौकात तासभर अडकलेले लोक त्याला आणखीही काही म्हणतात, पण ते छापता येत नाही. माझ्या मते हे मुळात आंबवणाऱ्यांचं शहर आहे. छावणीतल्या गोऱ्या सोजिरांच्या काळापासून इथे बिअर बनते. 1978 साली किरण मजुमदार-शॉ यांनी 'बायोकॉन' सुरू केली, ती इथल्याच एका गॅरेजमध्ये. त्या ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या, पण ब्रूमास्टरच्या खुर्चीत बाई बसवायला इथला कुणी दारूवाला राजी होईना. दारूच्या धंद्यालाही इतका सोवळेपणा असतो, हे तेव्हा कळलं. मग त्यांनी पपईच्या चिकातलं पपेन नावाचं एन्झाइम परदेशी धाडायला सुरुवात केली. बंगळूरच्या जैवतंत्रज्ञानाचा श्रीगणेशा झाला तो असा पपईने. 2005 साली काही भावंडांनी इथल्याच एका छोट्याशा जागेत इडली-डोशाचं पीठ पिशवीत भरून विकायला काढलं, त्याचं 'आयडी' झालं. आता ती पिशवी दुबईतही मिळते.

या पिशवीमुळे एक गोष्ट मात्र घडली. बंगळूरच्या घरांनी पीठ आंबवणं सोडलं. रात्री डाळ-तांदूळ वाटायचे, पातेलं उबेला ठेवायचं, सकाळी झाकण वर उचललं गेलं की 'आलं, आलं' म्हणायचं, हे सगळं बंद. तसं या बाबतीत शहराचं मन आधीपासूनच द्विधा होतं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा इथल्या 'एमटीआर'ने रव्याची इडली काढली. आंबवायला नको, थांबायला नको, दही घाला आणि लावा उकडायला. तर अशा शहरातली सुशिक्षित, सुखवस्तू आणि चौदाव्या मजल्यावर राहणारी घरं आता पुन्हा आंबवायला बसली आहेत. पीठ नव्हे, ते अजूनही पिशवीतूनच येतं. कचरा.

या प्रकाराला इथे बायो-एन्झाइम म्हणतात. कृती एका ओळीची आहे आणि ती सोसायटीतल्या लहान मुलांनाही पाढ्याच्या चालीवर येते. गूळ एक, साली तीन, पाणी दहा. शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम संत्र्या-मोसंब्या-लिंबाच्या साली, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत घालायचं, वर थोडी जागा सोडायची, झाकण लावायचं आणि तीन महिने वाट बघायची. पहिला महिनाभर रोज झाकण किंचित सैल करून गॅस सोडायचा. तीन महिन्यांनी गाळून घेतलं की तांबूस, आंबटगोड वासाचं पाणी हाती येतं. ते बादलीत घालून फरशी पुसायची, मोरी धुवायची, सिंक घासायचं. रिठ्याच्या काढ्यात मिसळलं की भांडीसुद्धा निघतात. ही विद्या थायलंडच्या रोसुकॉन पूम्पनवोंग या बाईंची. तिथून ती मलेशियामार्गे आपल्याकडे आली, आणि शेवटचा टप्पा व्हॉट्सॲपने पार पाडला.

आतमध्ये जे चालतं त्यात गूढ काही नाही. सालींवरचे यीस्ट गूळ खातात, त्याचा अल्कोहोल करतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग जीवाणू येऊन त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. म्हणजे आधी हातभट्टी आणि मग व्हिनेगर. मधल्या काळात सोसायटीच्या प्रत्येक बाल्कनीत कायद्याच्या दृष्टीने काय शिजतं आहे, याचा विचार मॅनेजिंग कमिटीने अद्याप केलेला नाही. करूही नये.

हे शिकवण्यासाठी कार्यशाळा असतात. रविवारी सकाळी, क्लब हाउसमध्ये, चटया स्वतःच्या आणाव्यात. बंगळूरमध्ये सालीचं पाणी करायलाही पॉवरपॉइंट लागतो. पहिल्या स्लाइडवर पृथ्वी, दुसऱ्या स्लाइडवर कचऱ्याचा डोंगर, तिसऱ्या स्लाइडवर प्रशिक्षक बाईंची बाल्कनी. बाई कन्नडमध्ये सुरू करतात, दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत जातात आणि मागच्या रांगेतल्या उत्तरेच्या मंडळींकडे पाहून हिंदीत उतरतात. मराठी माणसाला तिन्ही थोडं थोडं कळतं, त्यामुळे त्याला सगळं कळलं असं वाटतं. प्रश्नोत्तरांना मात्र बहर येतो. समोर निम्मे इंजिनियर. "सालीचं वजन ओलं धरायचं की सुकं?" "पाण्याचा टीडीएस किती हवा?" "हे स्केल होईल का?" एकाने विचारलं, तीन महिन्यांचं तीन आठवड्यांत करता येईल का. बाई शांतपणे म्हणाल्या, चिमूटभर यीस्ट घाला, महिना-दीड महिन्यात होतं. त्या क्षणी सोसायटीत दोन पंथ पडले. यीस्ट घालणारे आणि यीस्ट घालणाऱ्यांकडे बघून मान हलवणारे.

ही सगळी खटपट मुळात का, हे मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. या शहराने वर्षानुवर्षं आपला कचरा मावळ्ळीपुरा, मंडूर अशा गावांच्या दारात नेऊन ओतला. गावकऱ्यांच्या विहिरी नासल्या, माश्यांनी घरं भरली. 2012 साली मावळ्ळीपुऱ्याचं दार बंद झालं आणि बागांच्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचले. 2014 च्या अखेरीस मंडूरच्या लोकांनीही पुरे म्हटलं. 2015 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितलं, कचरा घरातच वेगळा करा. दोन डबे आणि एक पिशवी. हिरव्या डब्यात ओला, लाल डब्यात डायपर वगैरे, पिशवीत सुका. न्यायालयाने घरात किती डबे असावेत हे ठरवून द्यावं, अशी वेळ फार थोड्या शहरांवर आली असेल. त्याच सुमारास बेळ्ळंदूरच्या तलावावर साबणाचा फेस धरला. सांडपाण्यातून आलेल्या डिटर्जंटचा तो फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर यायचा आणि स्कूटरवाल्यांच्या अंगावर बसायचा. 2017 च्या फेब्रुवारीत तर त्या तलावाच्या काठाला आग लागली. पाणी पेटतं हे आपण म्हणीत ऐकलं होतं. बंगळूरने ते करून दाखवलं. तेव्हा मोरीत काय ओततो आहोत, हा प्रश्न इथल्या गृहिणीला पडला तर तो उगाच पडलेला नाही.

पण मोठं कारण वेगळं आणि प्रत्यक्ष घरात चालणारं वेगळं. आमच्या सोसायटीतल्या मराठी घरांत पहिला तंटा झाला तो तलावावरून नव्हे, गुळावरून. कृतीत नुसता 'गूळ' लिहिलेला. कोणता? मंड्या जिल्हा जवळच, तिथला गूळ गल्लीतल्या दुकानात मिळतो. पण कोल्हापूरकर काकांना ते पटेना. "पोळीला कोल्हापूरचा आणि एन्झाइमला मंड्याचा? सूक्ष्मजंतूंना काय कळत नाही का?" काकूंचं म्हणणं बरोबर उलट. गावाहून डोक्यावर वाहून आणलेली ढेप कचऱ्यात घालायची म्हणजे अन्नाचा अपमान. अखेर तोडगा निघाला. सूक्ष्मजंतूंना मंड्याचा आणि माणसांना कोल्हापूरचा. जंतू बंगळूरचेच असल्याने त्यांनीही 'स्वल्प अड्जस्ट' केलं.

दुसरा तंटा बाटल्यांवरून. काचेची बाटली चालत नाही, गॅसने फुटते. प्लास्टिकचीच हवी, तीही दोन लिटरची, जाड. म्हणजे प्लास्टिक वर्ज्य केलेल्या आणि शीतपेयं तर त्याहून आधी वर्ज्य केलेल्या घरांना आता कोलाच्या रिकाम्या बाटल्या शोधणं आलं. पर्यावरणप्रेमी माणसं वाढदिवसाच्या पार्टीनंतर यजमानाच्या स्वयंपाकघरात घुटमळताना दिसू लागली. "जरा ही बाटली नेऊ का?" या प्रश्नाला यजमान आधी दचकायचा. आता तोच विचारतो, "झाकण आहे ना नीट?"

बाटल्या ठेवायला जागा लागते हे तिसरं. 1638 साली शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस इथे आहे. पुढे व्यंकोजीराजांनी ती विकायला काढली आणि 1687 च्या उलाढालीत हे शहर तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेलं. आज तीन लाखांत गाडी उभी करायची जागाही मिळायची नाही. त्यामुळे बाल्कनी दोन हातांची आणि त्यात आधीच वॉशिंग मशीन, तुळस, मुलाची सायकल, कपडे वाळवायचा सांगाडा. बाटल्यांची रांग आत शिरली आणि सायकल दिवाणखान्यात आली. दिवाणखान्यातला व्यायामाचा ट्रेडमिल बेडरूममध्ये गेला. तो तसाही कपडे टाकायलाच होता.

प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी हवी, हा नियम. सॉफ्टवेअरमधल्या माणसाच्या हाती चिठ्ठी पडली की तो तिथे थांबत नाही. शेजारच्या तरुण जोडप्याने बाटल्यांना बॅच नंबर दिले. एक्सेलमध्ये तारीख, सालीचं वजन, आम्लतेची पट्टी लावून घेतलेला पीएच आणि 'शेरा' असा रकाना. शेऱ्यात 'वास ठीक', 'वास संशयास्पद', 'आईंनी हलवली' अशा नोंदी. पीएच चारच्या खाली गेला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. कुणाच्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही त्या मजल्यावर एवढा आनंद झाला नव्हता.

आता खरा कळीचा मुद्दा, तो म्हणजे गॅस. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करायचं. हे वाक्य कार्यशाळेत फार सोपं वाटतं. पण रोज म्हणजे रोज. मग कुणीतरी घरी हवं. बंगळूरच्या घरात सगळे कामावर आणि जे कामावर नसतात ते रस्त्यात. इथे बेळगावच्या आत्या कामी आल्या. आत्या मुलाकडे राहायला आलेल्या. कन्नड आणि मराठी दोन्ही सारखीच फर्डी, त्यामुळे लिफ्टमधल्या सगळ्या भानगडी त्यांना मूळ भाषेतून कळतात. त्यांनी पहिल्या दिवशी बाटल्या पाहून विचारलं, "काय करालास रे हे? नव्वद दिवस? लोणचं मुरायला एवढं लागत नाही की." मग हळूहळू त्या रोज सकाळी बाल्कनीत जाऊन फुस्स करू लागल्या. त्या फुस्सची त्यांना गोडी लागली. शेजारच्या मामींनी गावाला जाताना किल्ली त्यांच्याकडे दिली. मग वरच्या मजल्याने दिली. आज आमच्या विंगमध्ये कुणी चार दिवस बाहेर निघालं की दूध बंद करतं, पेपर बंद करतं आणि आत्यांना सांगून जातं. त्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून सकाळी नऊला निघतात आणि प्रत्येक मजल्यावर फुस्स करत खाली येतात. बरोबर घरोघरची खबरही येते, पण ती या लेखाच्या कक्षेत बसत नाही.

ज्यांनी आत्यांना सांगितलं नाही, त्यांची हकीकत ऐका. सहाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आपल्या बाटल्या कुणाच्या हाती द्यायला नकार दिला आणि मोठ्या सुट्टीला उटीला गेले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला स्फोटाचा आवाज झाला. वॉचमन धावला, कुत्री भुंकली, कुणीतरी पोलिसांना फोन लावायला निघालं. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत सकाळी मोसंबीच्या सालींचा सडा पडलेला. त्या घराच्या बाईंनी तक्रार मुळीच केली नाही. त्यांनी साली गोळा केल्या आणि आपल्या बाटलीत घातल्या.

हे सांगण्याचं कारण, साली आता दुर्मिळ झाल्या आहेत. कचरा कमी पडतो आहे, ही अवस्था या शहराच्या इतिहासात प्रथमच आली असावी. तीनशे ग्रॅम साली म्हणजे बरीच मोसंबी. पूर्वी घरात मोसंबी यायची ती कुणी आजारी पडलं तर. आता निरोगी माणसांना बळंच रस पाजला जातो. पाहुण्याने संत्रं सोलून साल खिडकीतून टाकण्याची नुसती तयारी केली तरी तीन हात पुढे होतात. हळदीकुंकवाच्या बायका फळ हातात घेऊन परत निघाल्या की यजमानीण दारातच विचारते, "इथेच खाऊन जाता का?" कोपऱ्यावरचा ज्यूसवाला पूर्वी सालींची गोणी उचलणाऱ्याला पैसे द्यायचा. आमच्या सोसायटीच्या बायका रांगेत उभ्या राहिलेल्या पाहून त्याने तो व्यवहार उलटा फिरवला. आता गोणी विकत मिळते आणि सणाच्या आधी दर चढतो.

मग एवढ्या कष्टाने एन्झाइम तयार होतं आणि इथून गोष्टीला खरं वळण लागतं. हिशेब कुणी आधी केला नव्हता. घरात आठवड्याला अर्धा किलो साली निघाल्या, तर वर्षाला 85 लिटरच्या वर एन्झाइम होतं. बादलीभर पाण्यात घालायचं फक्त अर्धी वाटी. रोज फरशी पुसली तरी वर्षभरात तीसेक लिटर संपणार. उरलेल्या पन्नास-पंचावन्न लिटरचं काय? साली तर येतच राहतात, कारण त्या फेकणं आता पाप झालेलं. म्हणजे कचऱ्याचा प्रश्न सुटला आणि त्याच्या जागी एन्झाइमचा आला.

हा प्रश्न सोडवण्याची आपली रीत परंपरेतच आहे. वाटून टाकायचं. यंदा संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या चार ओळखीच्या बायकांनी एकमेकींना वाण म्हणून बायो-एन्झाइमच्या बाटल्या दिल्या. चौघींनीही तेच आणलं होतं. प्रत्येकीच्या हातात एक बाटली आली आणि एक गेली. ज्या वजनाने घरून निघाल्या, त्याच वजनाने परत आल्या. गृहप्रवेशाला एन्झाइम, बारशाला एन्झाइम, बदली होऊन पुण्याला निघालेल्याला प्रवासात एन्झाइम. आमच्या मजल्यावर संध्याकाळी बेल वाजली आणि दारात शेजारीण दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी असली की पूर्वी वाटायचं, ओबट्टू आला, म्हणजे आपली पुरणपोळी. आता आतून एकच आवाज येतो, "बेडा, साकु!" नको, पुरे!

माल जास्त झाला की जाहिरात वाढते, हा बाजाराचा नियम बाल्कनीलाही लागू आहे. सुरुवातीला एन्झाइमने फक्त फरशी पुसली जायची. मग ते झुरळांना, केसांतल्या कोंड्याला, गाडीच्या काचेला, गुलाबाच्या झाडाला आणि एका ग्रुपवर तर गुडघेदुखीलाही चालू लागलं. हे पाणी ओझोन सोडतं आणि वर आकाशात जाऊन ओझोनच्या थराला ठिगळ लावतं, असाही एक मजकूर या फॉरवर्डबरोबर जगभर फिरतो. व्हिनेगरची बाटली उघडल्याने ओझोनचा थर सांधला जात असता, तर आपल्या लोणच्यांच्या बरण्यांनी तो केव्हाच जाड केला असता. खरं इतकंच की हे सौम्य आम्ल आहे. आम्ल असल्यामुळे नळावरचे क्षाराचे डाग निघतात, सिंकचा चिकटपणा जातो, मोरीचा वास मरतो. आणि आम्ल असल्यामुळेच संगमरवर खातं. तसंच ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो. आमच्या इमारतीत शिरताना लॉबीच्या संगमरवरावर जो अंधूक नकाशा दिसतो, तो पर्यावरण दिनी कमिटीने स्वहस्ते पुसून दाखवलेल्या भागाचा आहे. उरलेली फरशी अजून चकाकते.

एन्झाइमवाल्यांकडे कंपोस्टवाले जरा वरून पाहतात. तो पंथ जुना आणि अधिक कडवा. 2006 साली पूनम बीर कस्तुरी यांनी 'डेली डंप' सुरू करून एकावर एक रचलेली मातीची मडकी घरात आणली. त्याला खंबा म्हणतात. त्यात भात, डाळ, चहाचा चोथा, भाजीचे देठ, सगळं पडतं आणि त्याचं काळं खत होतं. वाणी मूर्ती नावाच्या बाई तर 'वर्म राणी' या नावाने प्रसिद्ध आहेत. वर्म म्हणजे गांडूळ. ज्या वयात लोक मोत्यांचे दागिने दाखवतात, त्या वयात त्या ओंजळभर गांडुळं हसतमुखाने दाखवतात आणि लाखो लोक ती पाहतात. एचएसआर लेआउटमध्ये 'स्वच्छाग्रह कलिका केंद्र' आहे. तिथे खत करण्याचे नाना प्रकार मांडून ठेवले आहेत. कंपोस्टवाल्यांचं म्हणणं असं की एन्झाइम म्हणजे कचऱ्यातली साय खाणं. गोड वासाच्या साली तुम्ही घेता; कालची आमटी, नासलेली भाजी, कुबट भात कुणी घ्यायचा? म्हणणं खोटं नाही. घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला असतो आणि त्यात साली किती? मूठभर.

या वादात अमरावतीकडचे एक काका अधूनमधून तिसरी बाजू घेतात. त्यांच्या मते दोन्ही पंथ पोरकट आहेत. "आमच्या सुभाष पाळेकरांचं शेताला घालायचं जीवामृत पाहा. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. हे खरं आंबवणं!" वर पाळेकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली, हेही ते ऐकवतात आणि या कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी ती पद्धत केव्हाच उचलली, हेही. सगळे आदराने ऐकतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे की काकांनी एकदा चौदाव्या मजल्यावर ड्रम चढवण्याची परवानगी मागितली होती आणि गाय लिफ्टमध्ये बसणार नाही एवढ्याच कारणावर ती नाकारली गेली.

मग या सगळ्यातून साधलं काय? या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षक बाईंकडे नाही, एक्सेलमध्येही नाही. ते सकाळी सात वाजता कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्या पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, बाईंकडे आहे. या कामावरच्या कितीतरी बायका घरी तेलुगू बोलतात. आमच्या गेटवर येणाऱ्या बाईही त्यातल्याच. आत्यांनी त्यांना गाठलं आणि कन्नडमध्ये विचारलं, फरक पडला का? बाईंनी डबा हातात तोलला. म्हणाल्या, पडला. पूर्वी ओल्या डब्यात हात घातला की कधी ब्लेड लागायची, कधी डायपर, कधी फुटलेली काच. आता या विंगचा डबा उघडला की ओलाच निघतो. बायका सालीसाठी डब्यात डोकावतात, त्यामुळे बाकीचंही दिसतं त्यांना. दिसलं की लाज वाटते. लाज वाटली की वेगळं करतात.

म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने, दंडाच्या धाकाने आणि गेटवरच्या फलकाने जे झालं नव्हतं, ते मोसंबीच्या सालीने केलं. लोकांना आपल्याच कचऱ्याच्या डब्यात बघायला लावलं. बंगळूरमध्ये माणूस लिफ्टमध्ये शेजाऱ्याकडे बघत नाही. तो रोज सकाळी कचऱ्याकडे बघतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. बाटलीतलं पाणी हे त्याचं निमित्त. ते नसतं तरी चाललं असतं, पण मग सुशिक्षित माणूस डब्याजवळ गेलाच नसता. त्याला कचरा वेगळा करा म्हटलं तर अपमान वाटतो. कचऱ्यावर प्रयोग करा म्हटलं की तो नावनोंदणी करतो.

आत्यांना गहिवरून आलं. त्यांनी लगोलग वरून एन्झाइमची दोन लिटरची बाटली आणली आणि बाईंच्या पुढे धरली. बाईंनी ती पाहिली आणि हसून हात जोडले. म्हणाल्या, अम्मा, या गल्लीतल्या प्रत्येक गेटवर मला हेच देतात. घरी ठेवायला जागा नाही. द्यायचंच असेल तर हातमोजे द्या.

हातमोज्यांचा ठराव कमिटीने एकमताने मंजूर केला. ठराव मांडायला पाच मिनिटं लागली. रबराचे की कापडाचे यावर दीड तास गेला. त्याच सभेत दुसरा ठरावही आला. एन्झाइम गाळल्यावर जो चोथा उरतो, तो पुन्हा घरोघर साचू लागला आहे. तेव्हा 'चोथ्यापासून उपयुक्त पदार्थ' या विषयावर येत्या रविवारी क्लब हाउसमध्ये कार्यशाळा आहे. चटया स्वतःच्या आणाव्यात. जागा भरल्या आहेत. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कोल्हापूरकर काकांचं आहे, आणि त्यांनी आत्ताच विचारून ठेवलं आहे, गूळ कोणता.